पितळेचा सांडगा

काल संध्याकाळी शेजारच्या अप्पांनी कंपाउंडच्या भिंतीवरून डोकं वर काढलं आणि विचारलं, "सर, औंदा तरी येताव का एळवशीला?" मी कढीपत्त्याला पाणी घालत होतो. "बघू," म्हणालो. "दरसाल बगूच म्हनताव," असं म्हणत अप्पा हसले आणि भिंतीमागं गेले. मी झारी खाली ठेवली. हवेत ती कोरडी, ओठ उलणारी थंडी आली होती, बाजारात तुरीच्या शेंगांचे आणि हरभऱ्याच्या डहाळ्यांचे ढीग लागले होते, आणि तरीही मला एळवस आठवली नव्हती. खरं म्हणजे आठवू द्यायची नव्हती. पण सणाचं काय, तो भिंतीवरून डोकावतो.

लातूरबाहेरच्या माणसाला एळवस समजावून सांगावी लागते. पंचांगात ती वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूरच्या तोंडात तिची एळवस झाली. त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं, आणि गाव म्हणजे खेडं नव्हे, अख्खं शहर. ज्याचं शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याचं नाही त्याला शेजारी ओढून नेतात. सकाळीच आंबिलीची मडकी, भाकरीच्या दुरड्या, लेकरंबाळं, म्हातारी माणसं, सगळं मिळेल त्या वाहनावर चढतं. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करतात, तिच्यात पाच दगड मांडून पूजा होते आणि मग पंगत बसते. भज्जी म्हटलं की पुण्याकडच्या पाहुण्याला कांदाभजी दिसायला लागतात. आमची भज्जी म्हणजे हिरवे दाणे, शेंगा, पालेभाज्या असं रानातलं झाडून सगळं एकत्र शिजवून, बेसन लावून केलेली घट्ट भाजी. तिच्याबरोबर बाजरीचे उकडलेले उंडे आणि वरून गार आंबील. त्या दुपारी शहरात फिरलात तर दुकानं बंद, रस्ते रिकामे, आणि सिग्नल आपला कुणासाठी तरी लाल-हिरवा होत बसलेला. गल्लीतल्या कुत्र्यांनासुद्धा काय करावं कळत नाही.

मी मूळचा इकडचा नाही. आमचं घर नांदेडकडं, अर्धापूरच्या केळीच्या मुलखातलं. तिथं या सणाचं एवढं वेड मी पाहिलं नव्हतं. चित्रकला शिक्षक म्हणून लातूरच्या एका शाळेत लागलो, निलंग्याकडची सुमन बायको म्हणून आली आणि तिच्यासोबत एळवस घरात आली. लग्नानंतरच्या पहिल्या एळवशीला सासऱ्यांच्या शेतात मला वाडग्यातून आंबील दिली. मी ती चहासारखी फुंकून प्यायलो. आंबील गारच असते. सगळं शेत हसलं. मेहुण्यांनी ती गोष्ट पुढं इतकी वर्षं चालवली की त्यांच्या लेकरांनाही ती पाठ आहे. तेव्हा मला राग यायचा. आता वाटतं, आपल्याला हसायला एवढी माणसं एका जागी जमली होती, हे काय थोडं होतं.

मी सांगतोय तो हिवाळा दोन वर्षांपूर्वीचा. त्या वर्षी सुमन आषाढात हैदराबादला गेली. आमचा मुलगा अमोल तिथं नोकरीला आहे. त्याला मुलगी झाली, मीरा. सुनेची आई गुडघ्यांनी अडलेली, म्हणून बाळंतपण करायला सुमन गेली. जाताना म्हणाली, "सव्वा महिना. तवर डब्यात काय काय हाय ते बगून खावा." सव्वा महिना झाला. मग ठरलं, बाळ मान धरेपर्यंत. बाळानं मान धरली. मग पालथं पडेपर्यंत. पालथ्या पडणाऱ्या लेकराला एकटं कसं सोडायचं, म्हणून मग बसेपर्यंत. नात वाढत होती याचा मला आनंद व्हायचा, तो काही खोटा नव्हता. पण फोन ठेवला की सुमन आणखी एक स्टेशन पुढं गेल्यासारखं वाटायचं.

मध्ये मीही जाऊन राहून आलो. फ्लॅट चांगला, सून चांगली, अमोल येता-जाता विचारणार, "पप्पा, काही हवंय का?" तिथं कुणीच वाईट नाही, हीच अडचण. वाईट असते तर चार शब्द भांडून सुमनला घेऊन आलो असतो. मी हॉलमध्ये सोफ्यावर झोपायचो आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून, चादरीची घडी घालून, सोफा असा नीट करून ठेवायचो की इथं कुणी झोपलं होतं हे पाहुण्याला कळू नये. सुमन आतल्या खोलीत बाळाजवळ. आमचं बोलणं व्हायचं ते दुपटी आणि कुकरच्या शिट्ट्या यांच्या मधल्या सापटीत. शेवटी मी म्हणालो, घराकडं बघायला पाहिजे. ती म्हणाली, "हाव, जावा. घर लई दिस बंद ठिवू नये." तिनं 'थांबा' म्हणावं असं मला फार वाटत होतं. मी बॅग भरायला मुद्दाम वेळ लावला, पण तिनं म्हटलं नाही.

एकट्या माणसाच्या घरात वस्तू जागच्या हलत नाहीत. सकाळी टेबलावर ठेवलेला चष्मा संध्याकाळी तिथंच असतो. भरल्या घरात मी चष्म्यावरून ओरडायचो, "कुणी उचलला?" आता कुणी उचलतच नव्हतं. भात एकट्यापुरता करायला मला शेवटपर्यंत जमला नाही. वाटीभर तांदूळ पातेल्यात गेला की त्याचा दोघांचा भात होतो. दूधवाल्याशी मी पावसापाण्यावर बोलायला लागलो होतो, तर त्यानं हळूहळू पिशवी दाराला अडकवून निघून जायला सुरुवात केली. त्याचंही बरोबर होतं, त्याला पुढं वीस घरं होती.

अशा दिवसांत मी धातू ओतायचं मनावर घेतलं. त्याचं कारण सांगायचं तर, आयुष्यभर मी पोरांना मडकं काढायला शिकवलं. मडकं, किटली, पुस्तकांची चळत, आणि त्यावर पडलेली सावली. सपाट कागदावर गोल वस्तू असल्याचा भास करून द्यायचा आणि त्याला गुण द्यायचे, ही माझी नोकरी. निवृत्तीनंतर वाटायला लागलं, हातात वजन लागेल असं एकदा तरी काहीतरी करावं. फोनवर एका व्हिडिओत कुणीतरी परसात लहानशा भट्टीत धातू वितळवून वाडगा ओतताना दिसला. तो लाल रस साच्यात जाताना बघून मी जेवायचं विसरलो. आमच्याकडं वितळलेल्या धातूलाही रसच म्हणतात, उसाचा असतो तसा. मला तो शब्द फार आवडतो.

धुण्याच्या दगडापाशी जागा होती. तिथं तेलाचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आतून भट्टीची पांढरी माती जाड थापली, खाली एक भोक पाडून पाइप बसवला, आणि भंगारवाल्याकडून लोहाराचा हातानं फिरवायचा पंखा आणला. तो पंखा असा ओरडायचा की अप्पांच्या घरातली टीव्हीवरची भांडणं ऐकू येईनाशी व्हायची. धातू वितळवायची मूस मात्र नवीन आणली; काळी, जड, पेन्सिलीच्या शिशाची असते तशी. एका लांब सांडशीला कान वाकवून मूस उचलायची सोय केली. शाळेच्या प्रयोगशाळेतला निकामी चष्मा डोळ्याला, पायात बूट, हातात जाड कातडी मोजे. त्या वेशात मला बघून अप्पा भिंतीवरून म्हणाले, "सर, सोनं करायलाव का काय? आमाला बी सांगा." त्यांच्या पत्नी, महादेवी वहिनी, मात्र वाळत घातलेल्या कपड्यांच्या काळजीत. "भाऊजी, धूर कवा करनार त्ये आदी सांगत जावा," त्या म्हणाल्या. मग मी कारखान्यासारखी वेळ जाहीर करायला लागलो.

सुरुवात जर्मननं केली. अॅल्युमिनियमच्या भांड्यांना आमच्याकडं जर्मनची भांडी म्हणतात. का म्हणतात हे भांडी विकणाऱ्यालाही माहीत नसतं. अमोलनं फोनवर विचारलं, "पप्पा, दिवसभर काय करता?" मी म्हणालो, "सध्या जर्मन चालू आहे." तो इतका खूश झाला की त्यानं ऑफिसात सांगितलं, माझे वडील या वयात जर्मन शिकतायत. आठवडाभरानं त्यानं मला एक शब्द म्हणून दाखवायला सांगितला तेव्हा उलगडा झाला. सुमन मात्र पहिल्याच दिवशी समजली. तिचा प्रश्न एकच होता, "माझं कुटलं पातेलं घातलाव?" मी पटकन म्हणालो, भंगारातून आणलंय. "चुलीमागलं मोटं दाखवा बरं," ती म्हणाली. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि पातेलं दाखवलं. मग झाकण दाखवायला लावलं.

मातीच्या बाबतीत मराठवाड्याच्या माणसाला भलताच अभिमान असतो. व्हिडिओतले लोक साच्यासाठी कसलीशी खास वाळू वापरत होते. मी म्हटलं, आपली काळी माती असताना वाळू कशाला? कापूस पिकवते, तूर पिकवते, मग साचा काय चीज आहे. अप्पांच्या रानातली पोतंभर माती आणली, मळली, तिच्यात लाटणं दाबून साचा केला आणि उन्हात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याला बोट जाईल एवढ्या भेगा. भेगा ओल्या मातीनं लिंपल्या आणि घाईनं रस ओतला. आत ओल राहिली होती. फाडकन आवाज झाला, रस उडाला, एक थेंब कढीपत्त्याच्या पानांतून आरपार गेला आणि दुसरा माझ्या बुटावर बसला. मी मागं सरकलो म्हणून निभावलं. सुमनला सांगितलं तर आधी घाबरली, मग चिडली. "उन्हाळ्यात रानाला भेगा पडतेत तवा त्येच्यात माणसाचा पाय जातो. त्या मातीचा साचा केलाव?" शेतकऱ्याची लेक आहे ती, तिला विचारायला हवं होतं. पण विचारायला ती घरात कुठं होती.

पुढं मांजरा नदीची वाळू चाळून घेतली, गणपती करणाऱ्यांकडून प्लास्टर आणलं, आणि हळूहळू हात बसला. चमचा, कुलूप, सुमनची फणी, तिच्या शिवणयंत्राचं हँडल. घरात जे हाताला लागेल ते वाळूत दाबायचं, काढून घ्यायचं आणि त्या जागी रस ओतायचा. ओबडधोबड का होईना, जुळं तयार व्हायचं. महिनाभरात खिडकीच्या फळीवर घरातल्या वस्तूंचा दुसरा संसार उभा राहिला. हे काम करताना एक गोष्ट मनात सारखी यायची. साच्यातून वस्तू उठून गेल्याशिवाय रसाला जागा होत नाही. वाळूत मागं राहते ती तिच्या अंगाएवढी पोकळी, बारीक रेघांसकट. मी तासन् तास त्या पोकळ्यांकडं बघत बसायचो आणि मग स्वतःवरच वैतागून पंखा फिरवायला लागायचो.

दिवाळीला सगळे आले. चार दिवस घर नुसतं वाजत होतं. मीरा माझ्या मांडीवर झोपली आणि माझा पाय बधिर झाला तरी मी हललो नाही. फळीवरच्या वस्तू बघून सून म्हणाली, "किती छान, पप्पा," आणि सुमननं फणी उलटीसुलटी करून विचारलं, "हिनं डोकं विंचरता येतंय का?" मी तिला भट्टी पेटवून दाखवणार होतो, पण बाळाला धूर नको म्हणून राहून गेलं. मग ते गेले. गाडी वळेपर्यंत मी हात हलवला, आत आलो, आणि दिवा लावायला देवघरापाशी बसलो. अन्नपूर्णा तिथं नव्हती. लग्नात मुलीला माहेरून देतात ती पितळेची छोटी अन्नपूर्णा, सुमनची. पाटावर तिच्या बुडाएवढा स्वच्छ गोल राहिला होता, बाकी सगळीकडं कुंकवाचे, तेलाचे डाग. सुमन माझ्याशी काही बोलली नव्हती. लपवलं असंही नाही; तिच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नसेल. पण चार दिवसांसाठी कुणी आपली अन्नपूर्णा उचलून नेत नाही. ती आता तिकडची झाली, हे मला त्या पाटानं सांगितलं. मी दिवा लावला.

त्या दिवसापासून मला एकाच गोष्टीची भीती बसली, आणि ती मी कुणाला सांगितली नाही. आम्ही भांडलो नव्हतो, वेगळे झालो नव्हतो, रोज फोनवर बोलत होतो. आणि तरी आमचं म्हातारपण दोन गावांत वाटलं गेलं होतं. अशानं एक दिवस मी तिचा चेहरा फोनच्या आकारातच आठवायला लागेन, असं वाटायचं. फणी, हँडल, चमचा, हे सगळं तिचं होतं, पण त्यात ती नव्हती. तिच्या हाताचं, खुद्द तिच्या बोटांचं काहीतरी घरात राहायला हवं होतं, जे कुणी पिशवीत घालून नेणार नाही.

ते सापडलं मार्गशीर्षात, सांडग्यांच्या डब्यात. उन्हाळ्यात वाळवणं होतात तेव्हा आमच्या गच्चीवर गल्लीतल्या चार बायका जमतात. डाळी वाटून, लसूण-मिरची घालून, त्याचे तीन बोटांच्या चिमटीनं बारके बारके सांडगे कापडावर घालतात, आणि कडकडीत वाळले की डब्यात. रस्सा करायला सोपं, म्हणून त्या हिवाळ्यात माझी गुजराण त्यावरच चालली होती. डबा तळाला गेला होता. एक दिवस सकाळच्या उन्हात ताटात सांडगे ओतले आणि हात थांबला. एका सांडग्यावर अंगठ्याचा खळगा स्पष्ट उमटला होता, आणि दुसऱ्या बाजूला दोन बोटांचे दाब. माझ्यातला कलाशिक्षक जागा झाला. केवढा ठाम दाब, मी मनात म्हटलं. कसलाही विचार न करता, सगळा संसार ओढणाऱ्या बाईच्या हाताचा दाब. त्यात घाई आहे, पण धांदल नाही. अंगठा किंचित कलता, म्हणजे ही बाई काम करता करता दुसरीकडं कुणाला तरी काहीतरी सांगत असणार. मी भिंग आणलं. सुमनच्या हातांवर मी आयुष्यात एवढा वेळ नजर टिकवली नव्हती, आणि आता एका सांडग्यावर टिकवली.

सांडगा वाळूत दाबून जमलं नसतं, रेघा गेल्या असत्या. त्याला प्लास्टरमध्येच बंद करायचं, साचा भट्टीत तापवायचा, आतला सांडगा जळून राख झाली की ती फुंकून काढायची आणि त्या पोकळीत पितळ ओतायचं. म्हणजे सांडगा एकदाच मिळणार, आणि चुकलं की गेलं. बाकीचे सगळे त्याच्यापुढं मुके होते. मी एळवशीचा दिवस धरला. गल्लीत कुणी नसणार, पंख्याच्या आवाजाची, धुराची तक्रार नाही.

सकाळी अप्पा बोलवायला आलेच. जीप दारात, आत महादेवी वहिनी मांडीवर आंबिलीचं मडकं धरून. "चला सर. एकटं कुनी ऱ्हातं का आजच्या दिशी?" मी म्हणालो, अंगात कणकण आहे. वहिनींनी विचारलं, "सुमनवैनी न्हाई आल्या?" हा प्रश्न शेतात गेल्यावर मला माणसागणिक ऐकावा लागला असता. "नाही, बाळ लहान आहे," मी म्हणालो. जीप गेली. तिच्यामागं गल्लीतली शेवटची मोटारसायकल गेली, आणि मग एवढी शांतता झाली की नळाच्या थेंबाचा आवाज येऊ लागला.

कोळसे पेटवले. साचा कडेला ठेवून हळूहळू तापवत आत सरकवला. थोड्या वेळानं साच्याच्या तोंडातून बारीक धूर यायला लागला, आणि त्याबरोबर वास. भाजलेल्या डाळीचा, लसणाचा, मिरचीचा. सुमन सांडगे तेलात परतायची तेव्हा घरभर व्हायचा तोच. रिकाम्या गल्लीत, एकट्या परसात, धुण्याच्या दगडापाशी तो वास असा भरून राहिला की मी मागं वळून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. खरंच बघितलं. दार मीच ओढून घेतलेलं होतं. मग वास करपला, मग नुसता धूर उरला, आणि मग तोही संपला.

राख फुंकून काढली. मुशीत जुन्या नळाच्या पितळी तोट्या घातल्या होत्या. पंखा फिरवून फिरवून खांदा भरून आला तेव्हा त्या बसल्या आणि वितळलेलं पितळ डोळे मिटावेत असं चमकायला लागलं. वर जस्ताचा पांढरा धूर उठला, तो चुकवून मी वाऱ्याच्या बाजूला उभा राहिलो. मूस उचलली. साच्याच्या तोंडाशी रस गेला, आत उतरला, आणि काठाला येऊन थांबला. उडाला नाही, फुटला नाही. मी मूस खाली ठेवली आणि दगडावर बसलो. 'झालं' असं मोठ्यानं म्हणालो. ते ऐकायला कुणी नव्हतं.

निवल्यावर साचा बादलीत बुडवला, प्लास्टर सुटून आलं आणि तळाशी सांडगा. पितळेचा. करवतीनं वरची दांडी कापली, कानशीनं कडा घासल्या, चिंचेच्या पाण्यानं पुसला. अंगठ्याचा खळगा जसाच्या तसा, त्यातली एक बारीक रेघसुद्धा. मी हातात घेऊन घरभर फिरलो. ऊन कललं होतं. हैदराबादला फोन लावला.

सुमननं लगेच उचलला. मांडीवर मीरा. "आज एळवस. कुकरात भज्जी केली," ती म्हणाली. "उंडे बी केले. हितं कुनी खात न्हाई, मीच खाल्ले. तुमी गेलताव का अप्पासंगं?"

"नाही. हे बघ." मी तळहात कॅमेऱ्यासमोर धरला.

"काय हाय त्ये? दात हाय का कुनाचा?"

"सांडगा आहे. पितळेचा. तुझा."

मग मी सांगत सुटलो. जे दिवाळीपासून मनात साठलं होतं ते सगळं. अन्नपूर्णेचं नाही सांगितलं, बाकी सगळं. तुझ्या बोटांचा ठसा आहे, म्हणालो. तू नसलीस तरी घरात तुझा हात राहील, असंही म्हणालो. एवढं सरळ मी तिला लग्नाच्या आधी नाही आणि नंतरही नाही कधी म्हटलं होतं. ती फोनवर वाकली. मला वाटलं, तिचेही डोळे भरले असतील.

"जवळ धरा," ती म्हणाली. "हालवू नका. उजेडाकडं करा. आता उलटा करा."

मी उलटा केला.

"ह्यो माझा न्हाई."

"म्हणजे?"

"अवो, माझा सांडगा एवडा मोटा असतो का? आतून वाळंल तरी का त्यो? माझे बारके असतेत, हरभऱ्यावानी."

"मग महादेवी वहिनींचा असेल," मी म्हणालो.

"महादेवीचे लांबट असतेत. ह्यो तुमचा हाय."

"माझा?"

"तुमचाच. इसरलाव काय? त्या दिशी लाईट गेलती, पंका बंद पडला म्हून तुमी गच्चीवर आलताव. बसा म्हनलं तर बसलाव बी. ताटभर घातलाव. बाया हसल्या म्हून रुसून खाली गेलाव. तुमचा अंगटा असाच आडवा पडतो, खडू धरून धरून. मला कळत न्हाई का?"

मला खरंच काही आठवत नव्हतं. मी त्या खळग्यात माझा अंगठा टेकवला. तो बसला. इतके दिवस मी ज्याच्याकडं भिंग लावून बघत होतो, ज्याच्यात मला तिची घाई, तिचा ठामपणा, तिचं सगळं दिसत होतं, तो माझाच हात होता. एवढ्या मोठ्या घरात मी माझ्याच सोबतीला बसलो होतो. आणि तिकडं एवढ्या लांब, फोनच्या काचेतून, लेकराला मांडीवर घेऊन बसलेल्या त्या बाईनं माझा अंगठा क्षणात ओळखला होता. मला रडू येतंय की हसू, ते मलाच कळेना. फोनवर सुमन हसत होती, बऱ्याच दिवसांनी, तोंडाला पदर लावून.

"मग तुझे कुठं आहेत?" मी विचारलं.

"माझे?" ती म्हणाली. "माझे तर तुमी खाल्ले की. चांगले चांगले निवडून."